जर्सी नंबर ८५

गेल्या शनिवारी लॅपटॉपमधली जागा संपली म्हणून जुना कचरा काढत बसलो होतो. वर्षातून एकदा येतो असा झटका. कॉलेजच्या फेअरवेलचे एकसारखे दोनशे फोटो, कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ, ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’ आणि ‘फायनल_खरंच’ अशा नावांच्या फाईली... आणि त्यात एक काही सेकंदांची क्लिप सापडली. ऑगस्ट २०२१ मधली. मैदानावर एक धिप्पाड माणूस, पाठीवर ८५ नंबर. कुणाला अडवायचं हेच त्याला उमगत नाहीये, आणि शेवटी तो भलतीकडेच अंग टाकतो.

ही क्लिप मी तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती. खाली एक ओळ लिहिली होती, ‘नवीन जॉईन झालेला पण सगळं येतं म्हणणारा.’ बारा जणांनी हसून दाद दिली होती. मी खूश!

डिलीटवर बोट गेलं होतं, पण थांबलो. का थांबलो, ते सांगण्यासाठी आजचा लेख. नमनाला घडाभर तेल जाणार आहे, तेव्हा चहा वगैरे घेऊन बसा.

तर मंडळी, ही गोष्ट आहे टिम टिबो नावाच्या फुटबॉलपटूची. फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोवाला नव्हे. अमेरिकेतला, ज्यात चेंडू लांबट असतो आणि पायाचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही तो. मला या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण आमचा क्लायंट होता फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरातला. मे २०२१ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या लाटेचे दिवस. मी नाशिकला घरून काम करत होतो. त्या काळात कॉलच्या सुरुवातीला विचारलेलं ‘घरचे कसे आहेत?’ हे नुसतं विचारायचं म्हणून नसायचं. उत्तर ऐकून सगळेच गप्प व्हायचे. मग ती शांतता मोडायला क्लायंटकडचा एक मॅनेजर त्यांच्या गावच्या टीमचं काहीतरी सांगायचा. त्या महिन्यात त्याच्याकडे एकच विषय होता, ‘टिबो परत येतोय!’ एकीकडे आनंद आणि दुसरीकडे ‘काय हा वेडेपणा’ असं दोन्ही त्याच्या आवाजात असायचं. मग मीही उत्सुकतेपोटी वाचायला लागलो.

थोडे नियम, अगदी कामापुरते. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू घेऊन पुढे सरकायचं, दहा यार्डांसाठी चार प्रयत्न. या सगळ्याचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव याच्या हातून सुरू होतो. कुणाकडे चेंडू फेकायचा, कधी फेकायचा, की स्वतःच पळायचं, सगळं तोच ठरवतो. पगार सगळ्यात मोठा, पोस्टरवर चेहरा त्याचा. आणि गंमत म्हणजे सरावात त्याला वेगळ्या रंगाची जर्सी देतात. अर्थ एकच, याला कुणी धक्का लावायचा नाही. बाकीच्यांनी एकमेकांची हाडं मोडली तरी चालेल. :)

टिबो हा कॉलेजच्या फुटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या क्वार्टरबॅकपैकी एक. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००६ आणि २००८ असे दोन राष्ट्रीय विजेतेपदांचे हंगाम त्याच्या नावावर आहेत. २००७ मध्ये त्याने ३२ टचडाउन फेकून आणि २३ स्वतः पळत केले. त्याच वर्षी त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली, म्हणजे तिथला वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या कुणाला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. तिथे कॉलेजचा खेळ बघायला ऐंशी-नव्वद हजार माणसं येतात, त्यामुळे आपल्याकडच्या गॅदरिंगमधल्या हिरोशी तुलना नको.

२०१० मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज या व्यावसायिक टीमने त्याला घेतलं. तिथे एक अडचण उघडी पडली. याची चेंडू फेकायची पद्धत लांबलचक होती. हात मागे जाणार, खालून वळसा घेणार आणि मग कुठे चेंडू सुटणार. कॉलेजात तेवढा वेळ मिळायचा, एनएफएलमध्ये मिळत नाही. पण २०११ च्या हंगामात अघटित घडलं. पाचपैकी चार सामने हरलेली टीम टिबोच्या हाती दिली आणि ती जिंकायला लागली. मायामीविरुद्ध शेवटची तीन मिनिटं उरलेली असताना ०-१५ ने मागे, तिथून १८-१५ ने विजय. मग ८ जानेवारी २०१२, पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना. बरोबरी झाली आणि जादा वेळेतल्या पहिल्याच चेंडूवर टिबोने डेमारियस थॉमसकडे फेकलं, तो ८० यार्ड पळत सुटला, खेळ खल्लास. अकरा सेकंदांत निकाल.

हे वाचताना मला शारजाच आठवलं. पण आकडेही बघा. त्या हंगामात त्याने फेकलेल्या शंभर चेंडूंपैकी जेमतेम ४६-४७ योग्य हातांत पडत होते. क्वार्टरबॅकसाठी हा आकडा फारच कमी. पुढच्याच आठवड्यात न्यू इंग्लंडने ४५-१० असं धुतलं. मार्चमध्ये डेन्व्हरने पेटन मॅनिंगला आणलं आणि टिबोला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं. तिथे तो बहुतेक बाकावर. मग २०१३ मध्ये न्यू इंग्लंड, २०१५ मध्ये फिलाडेल्फिया. दोन्ही ठिकाणी हंगाम सुरू व्हायच्या आधीच नारळ.

आता खरा मुद्दा. या सगळ्या वर्षांत त्याला अनेक जाणकार सांगत होते की, बाबा रे, तुझं शरीर दणकट आहे, तू पळतोस बैलासारखा, धडक घ्यायला घाबरत नाहीस. जागा बदल. टाइट एंड हो. पण त्याचं म्हणणं, मी क्वार्टरबॅक आहे. २०१६ मध्ये तो चक्क बेसबॉलकडे गेला. छोट्या टीम्समधून खेळत खेळत मुख्य लीगच्या एक पायरी खालपर्यंत पोचला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तेही सोडलं.

आणि तीनच महिन्यांनी, वयाच्या ३३ व्या वर्षी, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्याला टाइट एंड म्हणून करारबद्ध केलं. एनएफएलचा हंगामातला अधिकृत सामना खेळून त्याला आठ वर्षांहून जास्त काळ लोटला होता. कोच होता अर्बन मायर, म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठातला त्याचा जुना गुरू. आता वशिला म्हणा किंवा जुनी माया म्हणा. बोंब मात्र खूप झाली. ज्या कॉलिन केपर्निकला २०१७ पासून कुणी उभं करत नव्हतं त्याच्याशी तुलना झाली. टाइट एंड म्हणूनच घडलेली, चार पैशांसाठी धडपडणारी पोरं घरी बसलीत त्यांचं काय, असंही लोक विचारत होते. प्रश्न चुकीचा नव्हता. दुसरीकडे ८५ नंबरच्या जर्सी धडाधड खपत होत्या.

टाइट एंड म्हणजे काय, हे मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. आता वाचलंय. तो उभा राहतो पुढच्या रांगेच्या टोकाला. कधी तो पळत जाऊन चेंडू झेलतो, ते टीव्हीवर दिसतं. पण बरेचदा त्याचं काम असतं समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाला अडवून धरणं. चेंडू सुटल्याबरोबर पहिलं पाऊल कुठे टाकायचं, कंबर किती खाली, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने कसे लावायचे, आणि समोरच्यांनी ऐनवेळी जागा बदलली तर आपला माणूस कोणता, हे सगळं एका क्षणात. त्या वेळी तो चेंडूकडे बघतही नाही. त्याने काम चोख केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकला तर क्लिप होते.

म्हणजे बघा, ज्या माणसाला आयुष्यभर इतरांनी अडवणूक करून वाचवलं, त्याने आता अडवणूक करायची. आणि ते शिकायला मिळाले जेमतेम तीन महिने.

१४ ऑगस्ट २०२१, क्लीव्हलँडविरुद्धचा सराव सामना. त्याच दिवशी टिबोचा चौतिसावा वाढदिवस. सोळा डावांसाठी तो मैदानावर होता, एकही झेल नाही. आपल्याकडे १५ ऑगस्ट उजाडला, आई झेंडावंदन टीव्हीवर बघत होती आणि माझ्या मोबाईलवर ती क्लिप आली. १७ तारखेला सगळ्या टीम्सना खेळाडूंची संख्या ८५ वर आणायची होती. त्या कपातीत ८५ नंबरची जर्सी गेली. संध्याकाळच्या कॉलवर क्लायंटचा मॅनेजर म्हणाला, “संपलं.” मग लगेच, “बरं, त्या बगचं काय झालं?”

मी क्लिप ग्रुपवर टाकली, ती वरची ओळ लिहिली आणि झोपलो.

आता माझी गोष्ट. मी काही हाइझमनवाला नाही. पण कॉलेजात कोडिंगच्या दोन-तीन स्पर्धा मारल्या होत्या, कंपनीतही पहिल्या तीन वर्षांत त्या प्रोजेक्टचा सगळ्यात किचकट मॉड्यूल माझ्याकडे होता. अप्रेझलमध्ये ‘रॉकस्टार’ वगैरे शब्द यायचे. (पगारवाढीत यायचे नाहीत, तो भाग वेगळा.) आमच्या टीममध्ये प्रॉडक्शन सपोर्टला एक दादा होता. वयाने आमच्यापेक्षा बराच मोठा, शांत. रात्री-अपरात्री काही फुटलं की त्याचा फोन वाजायचा. आम्ही सकाळी उठायचो तेव्हा ग्रुपवर त्याचा तीन वाजून दहा मिनिटांचा मेसेज असायचा, ‘सगळं सुरळीत.’ आम्ही अंगठा दाखवायचो. माझा किती कोड त्याने रात्री सावरून धरला असेल, मी कधी मोजलं नाही.

त्याच २०२१ मध्ये आमच्या लीडने मला सुचवलं होतं, “महिन्यातला एक आठवडा सपोर्टला बसत जा, शिकशील.” मी म्हणालो, “मॅम, मी डेव्हलपर आहे.” अगदी नम्रपणे म्हणालो, पण म्हणालोच.

२०२३ मध्ये ते प्रोजेक्ट गुंडाळलं गेलं. ज्या टेक्नॉलॉजीत मी रॉकस्टार होतो ती कुणाला नको होती. बेंचवर पाच आठवडे काढले. बेंचवरचा माणूस कँटीनमध्ये कसा चहा पितो हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत! मग एका ठिकाणी सपोर्टची जागा निघाली. सिस्टिम जुन्याच धाटणीची, त्यातला काही कोड माझ्याच जुन्या टीमचा. मी लगेच हो म्हटलं. मनात विचार असा की, सपोर्टच तर आहे. ज्याला गाडी बनवता येते त्याला पंक्चर काढता येणार नाही होय?

सातव्या आठवड्यात एका गुरुवारी रात्री पावणेदोनला फोन वाजला. संध्याकाळी नवीन रिलीज गेलं होतं, ऑर्डरी अडकायला लागल्या होत्या. मी लॉग उघडले आणि ओळखीचं फंक्शन दिसलं. अंगात आलं माझ्या. वीस मिनिटांत चूक सापडली. दुरुस्त करायला घेतली. बिल्ड फुटलं. ते सावरलं तर दुसरीकडे फुटलं. कॉलवर क्लायंटची वरची मंडळी जमलेली. ती विचारायची, “अजून किती?” मी म्हणायचो, “पाच मिनिटं.” असं मी चार वेळा म्हणालो.

आमच्याबरोबर एक नुकतीच जॉईन झालेली मुलगी होती. तिने पहिल्या दहा मिनिटांतच मला चॅटवर विचारलं होतं, ‘सर, आधी रोलबॅक करायचं का?’ म्हणजे आधीचं चालतं व्हर्जन परत लावायचं, चूक नंतर शोधायची. मी लिहिलं होतं, ‘थांब, बघतोय मी.’ शेवटी दोन तास चाळीस मिनिटांनी मॅनेजरनेच सांगितलं आणि तिने रोलबॅक केलं. अकरा मिनिटं लागली. अकरा!

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने बोलावून घेतलं. चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, “तू हुशार आहेस रे, पण हे काम वेगळं आहे.” मी परत बेंचवर. ती चॅट कुणी ग्रुपवर टाकली नाही, एवढंच माझं नशीब.

खूप दिवसांनी धीर करून त्या दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “अरे, आग लागली की आधी माणसं बाहेर काढायची. वायरिंग कुठे जळलं ते सकाळी बघायचं. तू वायरिंगवाला, तुला वायरच दिसणार.” मग हसला आणि म्हणाला, “तुझ्या त्या मॉड्यूलने मला किती रात्री जागवलंय, माहितीये का?”

मला माहीत नव्हतं.

आपल्या मंडळींना वाटतं की नवी जागा घेणं म्हणजे थोडं नमतं घेणं. एक पायरी खाली उतरलो की झालं, तिथलं काम आपोआप जमणार. पण ती खालची पायरी नसतेच, तो वेगळाच जिना असतो. त्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं घाम गाळलेला असतो, आणि तो घाम आपल्याला कधी दिसलेला नसतो, कारण तो गाळला जात असताना आपण वेगळ्या रंगाची जर्सी घालून उभे असतो.

जागा बदलणं जमतच नाही असंही नाही. लोगन थॉमस नावाचा आणखी एक कॉलेज क्वार्टरबॅक होता. २०१४ मध्ये तो क्वार्टरबॅक म्हणूनच एनएफएलमध्ये आला, चाललं नाही. पंचविशीतच त्याने टाइट एंडचं काम शिकायला घेतलं. या टीममधून त्या टीममध्ये, बाकावरून बाकावर, कुणाचं लक्ष नसताना. २०२० मध्ये वॉशिंग्टनकडून त्याने ७२ झेल घेतले. मधली चार वर्षं कुठल्याही क्लिपमध्ये नाहीत. आपला राहुल द्रविड घ्या. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये ग्लोव्हज घालून स्टंपमागे उभा राहिला, तेव्हा तो जगातल्या उत्तम फलंदाजांपैकी एक होता. त्याला दुसरी कुठलीच जागा उरली नव्हती म्हणून नव्हे, टीमला एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून. दुसरा पर्याय हातात असताना हो म्हणणं आणि सगळे पर्याय संपल्यावर हो म्हणणं, यात फरक आहे. टिबोने दुसरं केलं. मीही.

पण टिबोच्या बाबतीत एक गोष्ट मला तेव्हा दिसली नव्हती. त्याचं घरदार नीट होतं, टीव्हीवर कॉमेंट्रीचं काम होतं, कॉलेजच्या इतिहासात नाव पक्कं होतं (२०२३ मध्ये त्याची कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडही झाली). फजिती झाली तर सगळा देश हसणार हे त्याला ठाऊक असणारच. तरी तो गेला आणि निम्म्या वयाच्या नाही तरी दहा-बारा वर्षांनी लहान पोरांबरोबर रांगेत उभा राहिला. नारळ मिळाल्यावर त्याने लिहिलेल्या दोन ओळींचा आशय एवढाच होता, अपयशाच्या भीतीने निर्णय घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं, संधी मिळाली याचा आनंद आहे. कुणाला दोष नाही. ज्या कोचने त्याला आणलं तो स्वतःच डिसेंबरमध्ये, तेरा सामन्यांत, घरी गेला.

उशीर झाला हे खरंच. वशिला होता हेही खरंच. पण उशिरा का होईना, माणूस रांगेत उभा राहिला. मी तर हसणाऱ्यांत होतो.

असो. बराच लांबला लेख. सध्या मी एका नव्या टीममध्ये कोडिंगच करतो, पण गेल्या वर्षी स्वतःहून सांगितलं की महिन्यातला एक आठवडा मला सपोर्टला बसवा, शिकाऊ म्हणून. शिकवणारा मुलगा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. अहो-जाहो करतो, त्यामुळे जास्तच अवघडायला होतं. अजून दोनदा गडबड केलीय. एकदा मात्र पहाटे साडेतीनला काहीही न शोधता, काहीही न दुरुस्त करता, गुमान रोलबॅक केलं आणि ग्रुपवर ‘सगळं सुरळीत’ टाकलं. सकाळी सहा अंगठे आले. कुणी काही विचारलं नाही.

ती क्लिप ठेवलीय. ग्रुपवरची ती ओळ पुसायला गेलो होतो, पण इतका जुना मेसेज सगळ्यांकडून पुसता येत नाही म्हणे.

या वीकेंडला माझी पाळी आहे. फोन शेजारीच ठेवलाय. तूर्तास एवढंच.